दोन कार्डांना चालेल असा बोर्ड

सून जेवताना सहज म्हणाली, "एक नवा मदरबोर्ड घ्यायला हवा," आणि सासरे त्याहून सहज म्हणाले, "मी आणतो." पुढं जे काही झालं त्याचं सगळं खापर या दोन शब्दांवर फोडायला हरकत नाही.

मदरबोर्ड म्हणजे काय हे सासऱ्यांना माहीत नव्हतं. पण तो मुद्दा त्या वेळी कुणी काढला नाही. सासरे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. सगळी इमारत त्यांना मापसाहेब म्हणायची. बाजारात त्यांना फसवील असा दुकानदार अजून जन्माला यायचा होता, असं ते स्वतः म्हणत आणि बाकीचे म्हणू देत.

सुनेचं काम जरा वेगळं होतं. अजून बांधल्याच न गेलेल्या इमारतींची ती कॉम्प्युटरवर चित्रं करायची, इतकी हुबेहूब की बघणाऱ्यानं चपला काढून आत जावं. हे काम ती एका ऑफिसात करायची आणि चित्राखाली नाव तिच्या साहेबांचं पडायचं. पण आता एक लहानसं हॉस्पिटल बांधणाऱ्या मंडळींनी थेट तिलाच विचारलं होतं. त्यांना नुसती चित्रं नको होती, फिल्म हवी होती. दारातून आत शिरून आपणच हॉस्पिटलभर फिरतोय अशी. ती त्यांच्या सभेच्या आधी तयार झाली तर काम तिचं, आणि मग ऑफिसला रामराम. नाही झाली तर ते काम तिच्या ऑफिसकडेच जाणार होतं. म्हणजे साहेब ते आणून तिच्याच टेबलावर ठेवणार, तीच ते करणार आणि खाली नाव पुन्हा साहेबांचं.

घरच्या कॉम्प्युटरवर एवढी फिल्म वेळेत होणं शक्य नव्हतं. चित्रं रंगवण्याचा खरा भार वाहतं ते ग्राफिक्स कार्ड, आणि ते तिच्याकडे एकच होतं. तेवढ्यात तिच्या भावाचं लग्न ठरलं. त्याचं रात्रंदिवस गेम खेळणं होणाऱ्या बायकोनं एका वाक्यात बंद केलं, आणि त्याचं अगदी तसंच कार्ड बहिणीच्या पदरात पडलं. कार्डं दोन झाली, पण ती ज्यावर खोवायची त्या जुन्या मदरबोर्डवर जागा एकाचीच.

"दोन्ही कार्डं एकदम चालली पाहिजेत, आत्ताचा प्रोसेसर बसला पाहिजे आणि आपल्याला परवडला पाहिजे. एवढंच बघायचं, बाबा," सून म्हणाली. "नाहीतर मी घरबसल्या मागवते ना. दोन मिनिटांचं तर काम आहे."

"दोन मिनिटांत घेतलेली वस्तू दोन वर्षं रडवते," मापसाहेब म्हणाले. वाक्य त्यांना तिथल्या तिथं सुचलं होतं. ते इतकं आवडलं की पुढचे काही दिवस दूधवाल्यापासून मुलापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं. मुलगा कामासाठी परगावी असायचा. तो फोनवर म्हणाला, "बघा तुम्ही." बायकोलाही तो तेच म्हणाला होता. अशा रीतीनं जबाबदारी दोघांवरही पडली आणि कुणा एकावर पडली नाही.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, तिला काय हवंय ते तिला एकदा नीट विचारून तरी घ्या."

"विचारलं की. दोन कार्डं. यात आणखी विचारायचं काय असतं?"

मापसाहेबांनी आधी मत घेतलं ते शेजारच्या सरांचं. सर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाले होते, आणि कुठल्याही वस्तूकडे बघायची त्यांची सुरुवात लिंगापासून होई.

"आधी मला सांगा, तो मदरबोर्ड की ती मदरबोर्ड?"

"तो."

"का तो? मदर म्हणजे आई. आई स्त्रीलिंगी."

"अहो सर, पण बोर्ड तो."

"थांबा. समास सोडवू." सरांनी डोळे मिटले. "मदरचा बोर्ड की मदररूपी बोर्ड? फरक पडतो."

चहाचे दोन कप होईपर्यंत समास सुटत होता. शेवटी सरांनी "तो"च्या बाजूनं निकाल दिला आणि मापसाहेब महत्त्वाचा टप्पा ओलांडल्यासारखे घरी आले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या, त्यांनी जास्त उपयोगाचं सांगितलं. "कार्ड घट्ट बसलं पाहिजे, काका, पण जोर करायचा नाही. दुखलं की थांबायचं."

"कुणाला दुखलं की?"

 हा प्रश्न बाईंना आजवर कुणी विचारला नसावा.

पहिलं दुकान काचेचं होतं. आत बोर्ड नव्हते, रोषणाई होती. निळे, जांभळे, लाल दिवे लुकलुकत होते आणि त्यांच्या मागं कुठंतरी बोर्ड असावेत असा अंदाज करता येत होता. विक्रेत्यानं एक बोर्ड हातात दिला आणि किंमत सांगितली. मापसाहेबांनी चष्मा काढून पुसला, जणू किंमत चष्म्यातूनच ऐकू आली होती. "दिवे काढून किती?" त्यांनी विचारलं. दिवे काढून मिळत नव्हता.

दुसरं दुकान गल्लीत होतं, अरुंद आणि खोल. दुकानदार मान वर न करता कसल्याशा तारा जोडत होता आणि खांदा नि कान यांच्यामध्ये धरलेल्या फोनवर कुणाशीतरी बोलत होता. मापसाहेबांनी प्रोसेसर कोणता ते सांगितलं. त्यानं मागं हात घालून एक खोका काढला आणि न बघता पुढं सरकवला.

"मला यावर दोन कार्डं लावायची आहेत," मापसाहेब म्हणाले.

"चालेल."

"एकदम दोन."

"चालेल ना, काका."

"दोन्ही चांगली जाडजूड आहेत."

"चालेल की."

तीनदा विचारून तीनदा एकच उत्तर आलं की साक्ष पक्की, अशी मापसाहेबांची जुनी रीत. तरी ते नुसत्या शब्दावर राहणारे नव्हते. खिशातून त्यांनी आपलं व्हर्निअर काढलं. केसाची जाडी मोजणारं हे हत्यार नोकरीत असताना व्यापाऱ्यांच्या स्वप्नात येत असे. बोर्डवर कार्ड खोवायचे दोन लांब स्लॉट होते. वरचा मोजला, खालचा मोजला. लांबी सारखी, रुंदी सारखी, किंचितही फरक नाही. किंमतही आवाक्यातली. मापसाहेबांनी बोर्ड घेतला. दुकानाबाहेर पाऊल टाकताना मागून आवाज आला, "पॉवर सप्लाय मोठा लागेल बरं का! तेवढं बघून घ्या."

माणूस प्रामाणिक दिसतो, असं मनाशी म्हणत मापसाहेब तिथूनच परस्पर वीज कार्यालयात गेले.

दुसरा कुणी असता तर त्यानं आधी घरी जाऊन सुनेला विचारलं असतं. पण पॉवर म्हणजे वीज आणि सप्लाय म्हणजे पुरवठा, यात सुनेला विचारण्यासारखं मापसाहेबांना काही दिसलं नाही. खिडकीपलीकडं एक बाई होत्या. त्यांच्यासमोर पंखा होता, त्यामुळं त्यांच्या टेबलावर प्रत्येक कागदावर काहीतरी जड ठेवलेलं होतं.

"वीजपुरवठा वाढवून हवाय," मापसाहेब म्हणाले.

"कशासाठी?"

"मदरबोर्डासाठी."

"बोर्ड आईच्या नावावर आहे का?"

"नाही, म्हणजे... तो मदरबोर्ड आहे."

"तेच विचारतेय. मदरच्या नावावर बोर्ड असेल तर मदरना स्वतः यावं लागेल."

"माझी आई आता नाही हो."

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "असं का? मग वारसाचा दाखला जोडा. आधी बोर्ड तुमच्या नावावर होऊ दे, मग भार वाढवू."

मापसाहेबांनी खोका उघडून बोर्ड दाखवला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, शेजारच्या टेबलाला दाखवला, शेजारच्या टेबलानं मागच्या टेबलाला दाखवला. हे उपकरण घरगुती की व्यावसायिक यावर तिथं मतभेद झाले. मागच्या टेबलाचं म्हणणं पडलं की दोन कार्डं म्हणजे छापखाना असणार. अखेर जागेवर येऊन पाहणी करायची असं ठरलं. मापसाहेबांनी आयुष्यभर लोकांच्या दारात जाऊन पाहण्या केल्या होत्या. आपल्या दारात पाहणी येणार, हे ऐकून त्यांना कसंसंच झालं.

पाहणीला आलेले वीजनिरीक्षक फार सभ्य होते. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, पाणी मागितलं आणि विचारलं, "भार कुठे आहे?" नेमकी सून त्या दिवशी घरी होती. सगळी हकीकत ऐकून तिनं कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि आतल्या एका काळ्या डब्यावर बोट ठेवलं.

"बाबा, पॉवर सप्लाय म्हणजे हा. तो मोठाच घेतलाय मी. मागच्याच वर्षी."

 सुनेनं हसू इतकं मनापासून दाबलं की तिला ठसका लागला. वीजनिरीक्षक उठले, पण आलोच आहोत तर म्हणून त्यांनी घरभर नजर फिरवली, आणि स्वयंपाकघरातल्या वायरिंगकडे पाहून त्यांची भुवई वर गेली. मापसाहेबांना ती भुवई ओळखीची होती. अशीच त्यांची स्वतःचीही जात असे. पुढच्या पाच मिनिटांत स्वयंपाकघराची लाइन दुरुस्ती होईपर्यंत बंद झाली.

"अहो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "एक बोर्ड आणायला गेलात, तो आला. स्वयंपाकघरातला होता तो मात्र गेला." मग देवाचं नाव घेऊन त्यांनी मिक्सर उचलला आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. पुढं आठवडाभर चटणी टीव्हीशेजारी वाटली जायची.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सुनेनं नवा बोर्ड बसवायला घेतला. जमिनीवर चादर अंथरली, स्क्रू वाटीत ठेवले. मापसाहेब हातात टॉर्च घेऊन उभे होते. कुणी उजेड मागितला नव्हता, पण एवढ्या मोठ्या कामात आपला हात रिकामा असू नये असं त्यांना वाटे. प्रोसेसर बसला. पहिलं कार्ड बसलं. "दुखलं की थांब," मापसाहेबांनी आठवण केली. सून दुसरं कार्ड उचलणार, तोच टॉर्चचा उजेड खालच्या स्लॉटमध्ये पडला आणि मापसाहेब गुडघ्यावर बसले.

वरच्या स्लॉटच्या आत टोकापासून टोकापर्यंत सोनेरी पिना होत्या. खालच्या स्लॉटमध्ये त्या पाव लांबीपर्यंत येऊन संपत होत्या. पुढं नुसतं रिकामं प्लॅस्टिक.

"तळ वर उचललाय!" मापसाहेब ओरडले.

"कसला तळ?"

"मापाचा! बाहेरून माप पुरं, आत तळ वर. तेलवाले करायचे हे. शेकड्यांनी जप्त केलीत असली मापं मी, आणि आज माझ्याच घरात..." 

"बाबा, ते तसंच असतं स्वस्तातल्या बोर्डांत. मला त्यानं काही..."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसातले साहेब होते, म्हणून ती बाल्कनीत गेली. साहेबांचं बोलणं नेहमी लांबतं. ती परत आली तेव्हा चादरीवर दोन कार्डं होती, प्रोसेसर होता, वाटीत स्क्रू होते. बोर्ड नव्हता आणि सासरे नव्हते.

दुकानात गर्दी होती. मापसाहेबांना ते बरंच वाटलं.

"तुम्ही म्हणालात चालेल," त्यांनी बोर्ड काउंटरवर ठेवला. "तीनदा म्हणालात."

"मग?" दुकानदारानं मान वर केली. त्याला डोळे आहेत हे मापसाहेबांना पहिल्यांदाच कळलं.

"खालच्या स्लॉटला पाऊण भाग पिनाच नाहीत. दोन कार्डं पूर्ण जोरानं कशी चालतील?"

"काका, तुम्ही काय म्हणालात? मला दोन कार्डं लावायची आहेत. मी म्हटलं, चालेल. म्हणजे लावा की. माझी कुठं ना आहे?"

"म्हणजे? चालेल म्हणजे बोर्ड चालेल असं नाही?"

"बोर्ड चालेलच. तुम्ही लावलेलंही चालेल. नाही लावलं तरी चालेल."

दुकानात दोन तट पडले. एका गृहस्थांचं म्हणणं होतं की दुकानात उच्चारलेलं चालेल हे मालाविषयीच धरलं पाहिजे. दुसरे म्हणाले, असं कसं, परवा माझ्या मेव्हण्यानं मुलगी बघितली आणि चालेल म्हणाला, आता चालेल म्हणजे काय पळेल? पहिल्यांनी विचारलं, लग्न ठरलं का? ते म्हणाले, तेच तर कुणाला कळत नाहीये. मापसाहेबांना सरांची फार आठवण झाली. त्यांनी मग उभ्या उभ्या एक भाषण केलं. मापात तळ असतो तसा शब्दालाही असतो, तो वर उचलून विकणं हा अपराध आहे, अशा अर्थाचं. भाषण चांगलं झालं. दोघांनी माना डोलावल्या.

दुकानदार भांडखोर नव्हता. त्यानं तो बोर्ड ठेवून घेतला आणि वर थोडे पैसे घेऊन दुसरा दिला. मापसाहेबांनी टॉर्च पाडून पाहिला. दोन्ही स्लॉट टोकापर्यंत सोनेरी.

"यावर दोन कार्डं..."

"चा..." दुकानदारानं जीभ चावली. "बसतील."

मापसाहेब विजयी मुद्रेनं घरी आले. सुनेनं खोका उघडला आणि आपला प्रोसेसर उचलून बोर्डावरच्या चौकोनी खाचेशी धरून पाहिला.

"सोनं मोजून घेतलंय," मापसाहेब म्हणाले.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "हा दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा आहे. आपला यात बसतच नाही."

मापसाहेब त्या चौकोनी खाचेकडे पाहत राहिले. स्लॉटच्या नादात त्यांनी तिकडं पाहिलंच नव्हतं. दुकानदारानंही विचारलं नव्हतं, आणि भाषण चालू असताना विचारण्याची त्याला संधीही नव्हती. त्याच संध्याकाळी बदलून आणतो असं ते म्हणणार होते, पण टॉर्च कपाटात ठेवून ते खुर्चीत जाऊन बसले. ज्या माणसाला कुणी फसवलं नव्हतं त्याला दोन बोर्डांनी चीत केलं होतं, आणि त्यातही कुणी फसवलंच नव्हतं, हे सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवशी सून ऑफिसातून आली ती नेहमीपेक्षा शांत. हातपाय धुऊन ती सासूबाईंजवळ बसली.

"आई, मी हॉस्पिटलच्या लोकांना नाही म्हणून कळवते. आज साहेब विचारत होते, ते काम आपल्याकडं येतंय असं ऐकतो म्हणून. सभा तोंडावर आली. आता नाही व्हायचं. इथं करायचं ते तिथं करीन, काय फरक पडतो?"

फरक पडतो हे तिच्या आवाजावरून भिंतीलाही कळलं असतं. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला. मापसाहेब पेपरामागं होते. पेपर बराच वेळ त्याच पानावर होता. मग तो खाली आला.

"त्या उथळ स्लॉटनं नक्की काय बिघडलं असतं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, बाबा."

"काहीच नाही?"

"गेम खेळायचे असते तर थोडं बिघडलं असतं. माझ्या कामात प्रत्येक कार्ड आपापलं वेगळं चित्र रंगवतं. स्लॉट म्हणजे नुसतं दार. दार जरा अरुंद असलं तर सामान आत न्यायला थोडा वेळ लागतो, एवढंच. एकदा सामान आत गेलं की आतला माणूस दार लावून आपलं काम करत बसतो."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलत होते."

"ती बोलत होती," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही जिन्यात होता."

मापसाहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "तू करतेस काय, ते मला दाखव बरं."

तिनं दाखवलं. एक दार उघडलं, पांढऱ्या भिंती, जिन्याचा कठडा, त्यावर पडलेलं ऊन. एवढ्यात चित्र थांबलं. एवढंच झालं होतं. मापसाहेबांनी पडद्याला नाक लावून कठडा पाहिला. "हे ऊन खरं कुठलं?" त्यांनी विचारलं. "कुठलंच नाही, बाबा. दुपारी साडेतीनला तिथं जसं पडेल तसं मी काढलंय." मापसाहेब उठले, दुसऱ्या बोर्डाचा खोका काखेत घेतला, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरले. या वेळी कुणी बोलत नाहीये ना, ते त्यांनी दारात थांबून आधी पाहिलं.

"तो पहिला बोर्ड परत हवा," त्यांनी दुकानदाराला सांगितलं.

"कुठला? तळ वर उचललेला?"

"तोच."

"तो तर गेला, काका. तुमचं भाषण ऐकत एक जण उभे होते ना, ते म्हणाले, मला एकच कार्ड लावायचंय, कमी मापाचा आहे तर कमी किमतीत द्या. घेऊन गेले."

 आयुष्यात मापसाहेबांनी अनेक भाषणं केली होती. त्यांतलं एक तरी कुणी इतकं मन लावून ऐकलं, हे आजच कळत होतं.

"वर बघतो, माळ्यावर एखादा असेल," दुकानदार शिडीवर चढला. धूळ खाली आली, मग रिकामे खोके आले, मग शिव्या आल्या आणि शेवटी तसाच एक खोका आला. "हा घ्या. पण आधी टॉर्च मारून बघा, मोजून घ्या. नंतर उभं राहून पुन्हा ते तळबिळ नको. खालच्या स्लॉटला पाऊण भाग पिना नाहीत. चालेल?"

गिऱ्हाइकं वळून बघत होती. त्यांत कालचे मेव्हणेवालेही होते. मापसाहेबांचा हात व्हर्निअरकडं गेला, खिशावर थोडा वेळ राहिला आणि रिकामाच परत आला.

"माझ्या सुनेला चालेल," ते म्हणाले. "म्हणजे बोर्डही चालेल आणि मी आणलेलाही चालेल. दोन्ही अर्थांनी."

दोन्ही कार्डं बसली. शेजारी शेजारी इतकी चिकटून बसली की गरम व्हायला लागली, म्हणून पेटीचं झाकण उघडं ठेवावं लागलं आणि समोर टेबलफॅन लावावा लागला. फिल्म होत होती ते सगळे दिवस मापसाहेब त्या पंख्याजवळ खुर्ची टाकून बसले. इस्त्री बंद, मिक्सर बंद. सर आले तर त्यांना दारातच सांगितलं, "हळू बोला. आत माणसं काम करताहेत." सरांनी आत डोकावून पाहिलं, माणसं दिसली नाहीत, पण मापसाहेबांचा चेहरा पाहून त्यांनी व्याकरण काढलं नाही.

फिल्म पुरी झाली तेव्हा सुनेनं ती पाठवण्याआधी घरी दाखवली. सासू-सासरे पडद्यासमोर बसले. दार उघडलं, ऊन पडलं, जिना चढला, लांब कॉरिडॉर, वॉर्ड, खिडकीबाहेर झाडं.

"छान आहे गं," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या थांबून, "पण पेशंटबरोबर आलेल्या माणसानं बसायचं कुठं? एवढा लांब बोळ, एक बाकडं नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हे पाच तास उभे होते. विचार यांना."

"पाच नाही," मापसाहेब म्हणाले. "जरा जास्तच."

सुनेनं सासऱ्यांकडं पाहिलं, मग पडद्याकडं. खुर्ची ओढून बसली आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीलगत एक बाक ठेवला. रिकामा बाक बघून मापसाहेबांनी विचारलं, "यावर कुणी बसलेलं दाखवता येतं का?" येतं, ती म्हणाली. तेवढा भाग पुन्हा रंगवायला कार्डं पुन्हा गरगरू लागली आणि मापसाहेब पुन्हा पंख्याजवळ जाऊन बसले.

सभेच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. सून बाल्कनीत न जाता सगळ्यांसमोरच बोलली. फिल्म पसंत होती, काम तिचं होतं, नावही तिचंच जाणार होतं. शिवाय हॉस्पिटलच्या मागं होणाऱ्या इमारतीचंही तिनंच करावं असं त्यांचं म्हणणं होतं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती हसली. "नाही हो, ते बाकडं माझ्या डोक्यातलं नाही. आमच्या घरी ठरलं ते... हो, तेही राहू देते. त्यांना काढत नाही."

"कुणाला काढत नाहीस?" फोन ठेवल्यावर मापसाहेबांनी विचारलं.

तिनं फिल्म लावून त्या कॉरिडॉरवर थांबवली. बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या बंद दाराकडं.

"हा कोण?"

"असाच एक जण, बाबा. वाट बघतोय."

मापसाहेब पडद्याच्या अगदी जवळ गेले. नाक बरोबर होतं. खांदे बरोबर होते. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं होतं. डोक्यावर केस मात्र भरपूर होते, इतके की कुठल्याही निरीक्षकानं जागच्या जागी हरकत घ्यावी. मापसाहेबांनी आपल्या टकलावरून एकदा हात फिरवला, पडद्याकडं पुन्हा नीट पाहिलं, आणि सासूबाई काहीतरी बोलायला तोंड उघडताहेत असं दिसताच म्हणाले, "राहू दे गं. त्यांना पसंत आहे."